अमुक कंपनी आता बिटकॉइन घेणार म्हणे! – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर काही महिन्यांनी तोच फॉरवर्ड नवीन कपडे घालून येतो, की अमुक कंपनी आता मालाच्या बदल्यात बिटकॉइन घेणार. कधी ॲमेझॉन, कधी वॉलमार्ट, कधी फ्लिपकार्ट, मध्ये एकदा तर मॅकडॉनल्ड्स. खाली ठरलेलं वाक्य असतं, "आत्ताच घेऊन ठेवा, नंतर पस्तावाल." त्यानंतर माझ्याकडे प्रश्न यायला लागतात. त्यातले पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न, शक्यतो विचारणाऱ्याच्याच शब्दांत, इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी आणि अडचणीचे नंतर. एकाच गोष्टीचं उत्तर दोनदा द्यायचा कंटाळा असल्यामुळे जिथे गरज आहे तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. सरळ सांगा, ॲमेझॉन किंवा फ्लिपकार्टवर बिटकॉइन देऊन वस्तू घेता येते का?

नाही. पैसे भरायच्या पानावर यूपीआय, कार्ड, नेट बँकिंग, हप्ते, घरपोच रोख हे सगळं दिसेल, पण बिटकॉइन, इथर किंवा डोजकॉइन यांसारखं क्रिप्टो, म्हणजे कुठल्याही सरकारने न काढलेलं डिजिटल नाणं, दिसणार नाही. "आमच्या भावाने तर घेतलं" असं कुणी सांगत असेल, तर त्याने बहुधा गिफ्ट कार्डाचा आडमार्ग वापरला असेल. तो प्रश्न १२ मध्ये आहे.

२. "कंपनी क्रिप्टो स्वीकारते" याचा नेमका अर्थ काय? बातमीत तर तसंच लिहिलेलं असतं.

सगळी गोम या "स्वीकारते" शब्दात आहे. गिऱ्हाईक बिटकॉइन देतं, पण ते पडतं कुणाच्या हातात, हा प्रश्न बातमी छापणारे सहसा विचारत नाहीत.

बहुतेक ठिकाणी मध्ये एक दलाल असतो. कॉइनबेस, बिटपे ही त्यातली मोठी नावं. गिऱ्हाईक त्यांच्याकडे बिटकॉइन पाठवतं, ते त्या क्षणीच्या भावाने डॉलर करतात आणि दुकानदाराच्या खात्यात डॉलरच जमा होतात. दुकानदाराच्या लेखी तो कार्ड स्वाइप केल्यासारखाच व्यवहार असतो. तिजोरीत एकही नाणं येत नाही.

दोन उदाहरणं बघा. ऑगस्ट २०१८ मध्ये बक्क्ट नावाच्या उपक्रमात स्टारबक्स सामील झाली आणि "आता कॉफी बिटकॉइनवर" असे मथळे झळकले. कंपनीला लगोलग खुलासा करावा लागला की आम्ही डिजिटल नाणी घेणार नाही, बक्क्ट हा एक्स्चेंज, म्हणजे नाण्यांच्या खरेदी-विक्रीचा बाजार, नाण्यांचे डॉलर करेल आणि ते डॉलर आमच्याकडे चालतील. मे २०१९ मध्ये होल फूड्सच्या बाबतीत तेच झालं. ही किराणा साखळी ॲमेझॉनच्या मालकीची, त्यामुळे "ॲमेझॉनने बिटकॉइन घ्यायला सुरुवात केली" इथपर्यंत बातमीला पाय फुटले. प्रत्यक्षात एका वेगळ्या कंपनीचं ॲप गिऱ्हाइकाच्या फोनवर होतं आणि गल्ल्यात डॉलरच जात होते.

याला अपवाद म्हणजे टेस्ला. २०२१ मध्ये तिने आलेले बिटकॉइन मोडायचे नाहीत, तसेच ठेवायचे, असं जाहीर केलं होतं. ते किती टिकलं ते पुढच्या प्रश्नात.

३. म्हणजे आजवर एकाही मोठ्या कंपनीने खरोखर घेतलं नाही का?

घेतलं की! अफवा एवढ्या सहज खपतात त्याचं कारणच हे आहे. त्यामागे खरा इतिहास आहे.

अमेरिकेतल्या ओव्हरस्टॉकने जानेवारी २०१४ मध्ये सुरुवात केली. घरगुती सामान विकणारं हे ऑनलाइन दुकान आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नव्हतं, पण पहिल्याच दिवशी बिटकॉइनवर सव्वा लाख डॉलरच्या आसपास विक्री झाली आणि बाकीच्यांचे डोळे चमकले. त्याच वर्षी एक्सपीडियाने हॉटेल बुकिंगसाठी, डेलने संगणकांसाठी, न्यूएगने सुट्या भागांसाठी आणि डिसेंबरात मायक्रोसॉफ्टने आपल्या ऑनलाइन स्टोअरसाठी बिटकॉइन घ्यायला सुरुवात केली. २०१६ च्या एप्रिलमध्ये गेम विकणारं स्टीम आलं.

मग उतरती कळा लागली. डेलने २०१७ मध्ये गुपचूप बंद केलं. डिसेंबर २०१७ मध्ये स्टीमने बंद केलं आणि कारण आकड्यांनिशी सांगितलं. सुरुवातीला एका व्यवहारामागे वीसेक सेंट शुल्क पडत होतं, ते वीस डॉलरच्या घरात गेलं होतं. दहा डॉलरच्या गेमवर वीस डॉलर हमाली कोण देईल? त्यात दुसरी अडचण भावाची. गिऱ्हाइकाला दिलेली मुदत संपेपर्यंत पैसे पोचले नाहीत तर भाव बदलायचा, मग उरलेली रक्कम मागा किंवा जास्तीची परत करा, आणि त्या परतीवर पुन्हा शुल्क. पैसे भरण्याची यंत्रणा पुरवणाऱ्या स्ट्राइपने २०१४ पासून चालवलेली बिटकॉइनची सोय २३ एप्रिल २०१८ ला थांबवली. त्याच वर्षी एक्सपीडियानेही.

टेस्लाचा किस्सा सर्वांत छोटा. फेब्रुवारी २०२१ मध्ये दीड अब्ज डॉलरचे बिटकॉइन विकत घेतल्याचं तिने जाहीर केलं. २४ मार्चला इलॉन मस्क यांनी ट्वीट केलं, "आता बिटकॉइन देऊन टेस्ला घेता येईल." १२ मे रोजी बंद. नाणी तयार करायला कोळशावरची वीज जळते, हे कारण दिलं. सात आठवड्यांचा संसार.

हे सगळं खरं असल्यामुळे आजही एखादा २०१४ चा मथळा तारीख कापून फिरवला जातो. वाचणाऱ्याला वाटतं ही कालची गोष्ट.

४. पण २०२१ मध्ये ॲमेझॉनची बातमी तर मोठ्या मोठ्या वृत्तसंस्थांनी दिली होती. ती काय हवेतून आली?

हवेतून नाही, एका नोकरीच्या जाहिरातीतून. जुलै २०२१ मध्ये ॲमेझॉनने डिजिटल चलन आणि ब्लॉकचेन (क्रिप्टोच्या व्यवहारांची सामाईक नोंदवही) यांचं काम बघणारा एक अधिकारी हवा असल्याचं जाहीर केलं. विचारल्यावर कंपनीनेही मान्य केलं की या क्षेत्रात काय करता येईल हे आम्ही तपासतोय. इथपर्यंत सगळं ठीक होतं.

२५ जुलैच्या रविवारी लंडनच्या सिटी ए. एम. या वृत्तपत्राने नाव न सांगितलेल्या "आतल्या माणसाचा" हवाला देऊन छापलं की वर्षअखेरीस ॲमेझॉन बिटकॉइन घेणार, मग इतर नाणी घेणार आणि पुढे स्वतःचं नाणंही काढणार. सोमवारी बिटकॉइनचा भाव चाळीस हजार डॉलरच्या जवळ गेला. त्याच संध्याकाळी कंपनीने सांगितलं की या क्षेत्रात आम्हाला रस आहे, पण आमच्या ठरावीक योजनांबद्दल जे तर्क चाललेत ते खरे नाहीत. भाव काही तासांत घसरला.

गंमत पुढे आहे. दोन दिवसांनी भाव पुन्हा चाळीस हजारांवर गेला, तोही बातमी खोटी ठरल्यानंतर. तेव्हा "भाव वाढला म्हणजे बातमी खरी असणार" हे तर्कट मला पाठवू नका. एप्रिल २०२२ मध्ये ॲमेझॉनचे मुख्याधिकारी अँडी जॅसी यांनी मुलाखतीत सांगितलं की विक्रीच्या व्यवसायात क्रिप्टो घ्यायच्या आम्ही बहुधा जवळपासही नाही.

५. वॉलमार्ट आणि लाइटकॉइनचं काय झालं होतं? तिथे तर कंपनीचं पत्रकच होतं म्हणतात.

पत्रक होतं, कंपनीचं नव्हतं. या सगळ्या प्रकारातला हा सर्वांत शिकण्यासारखा मामला आहे.

१३ सप्टेंबर २०२१ ची सकाळ. ग्लोबन्यूजवायर ही पत्रकं वितरित करणारी सेवा आहे. कंपन्या तिच्याकडे पैसे भरतात आणि त्यांची पत्रकं जगभरच्या वृत्तसंस्थांकडे एकाच वेळी पोचतात. तिथे वॉलमार्टच्या नावाचं पत्रक आलं, की १ ऑक्टोबरपासून आमच्या ऑनलाइन दुकानांत लाइटकॉइन (बिटकॉइनसारखंच एक नाणं) चालेल. त्यात मुख्याधिकारी डग मॅकमिलन यांच्या तोंडी एक छापील वाक्यही होतं. रॉयटर्स, सीएनबीसी यांनी बातमी चालवली. लाइटकॉइन फाउंडेशनच्या अधिकृत ट्विटर खात्यानेही ती पुढे पाठवली. भाव तासाभरात तीस टक्क्यांच्या आसपास चढला.

मग वॉलमार्टने सांगितलं की हे आमचं नाही. भाव आला तिथेच परत गेला. पत्रक मागे घेतलं गेलं, ट्वीट पुसलं गेलं. लाइटकॉइनचे निर्माते चार्ली ली यांनी आमचा यात हात नाही, समाजमाध्यमं बघणाऱ्याने जरा घाई केली, असं स्पष्टीकरण दिलं.

पुरावा पत्रकातच होता. संपर्कासाठी दिलेला ईमेल वॉलमार्टच्या नेहमीच्या पत्त्यावरचा नव्हता. वॉलमार्टच्या पुढे एक आडवी रेघ आणि "कॉर्प" असं शेपूट जोडलेला होता. तो पत्ता महिनाभर आधीच नोंदवलेला. एवढी एक ओळ नीट वाचली असती तर जगातल्या दोन-तीन नामांकित वृत्तसंस्थांची लाज वाचली असती.

६. मी कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवर बघितलं होतं. मग तर खरंच ना?

पूर्वी मीही हेच सांगायचो, "कंपनीच्या साइटवर जाऊन बघा." ५ नोव्हेंबर २०२१ नंतर सांगायचं सोडलं.

त्या दिवशी क्रोगर या अमेरिकी किराणा कंपनीच्या नावाने, बिटकॉइन कॅश (बिटकॉइनहून वेगळं नाणं) घेणार असल्याचं बनावट पत्रक पीआर न्यूजवायर या दुसऱ्या वितरण सेवेवर आलं. क्रोगरच्या गुंतवणूकदारांसाठीच्या पानावर या सेवेची पत्रकं आपोआप येऊन लागायची. त्यामुळे खोटं पत्रक कंपनीच्या स्वतःच्या साइटवरही झळकलं. चोराने बाहेरून चिठ्ठी टाकली आणि घरच्यांनीच ती दारावर चिकटवली, असा प्रकार.

तपासायचा खरा मार्ग प्रश्न १६ मध्ये.

७. आणि निळी खूण असलेल्या अधिकृत खात्यावरून सांगितलं असेल तर?

१५ जुलै २०२० रोजी ॲपल, उबर, जेफ बेझोस, बिल गेट्स, इलॉन मस्क, बराक ओबामा यांच्या ट्विटर खात्यांवरून साधारण एकच संदेश आला होता. बिटकॉइन पाठवा, दुप्पट परत देऊ. खाती खरी, खुणा खऱ्या, मजकूर चोरांचा. ट्विटरच्या कर्मचाऱ्यांना फोनवरून फसवून आतल्या यंत्रणेत शिरकाव झाला होता. काही तासांत एक लाख डॉलरहून जास्त रकमेचे बिटकॉइन गोळा झाले.

आणखी एक साधा नियम. कुठलीही कंपनी "आधी तुम्ही पाठवा, मग आम्ही देतो" असं म्हणत नसते. हे बेझोस म्हणाले तरी नाही आणि तुमचा मेहुणा म्हणाला तरी नाही.

८. असल्या अफवा उठवून कुणाला काय मिळतं?

भावातला फरक. आधी स्वस्तात नाणी घेऊन ठेवायची, बातमी सोडायची, गर्दी खरेदीला धावली की विकून मोकळं व्हायचं. मोठ्या कंपनीचं नाव यासाठीच लागतं. "पुढच्या गल्लीतला वाणी लाइटकॉइन घेणार" म्हटलं तर कोण धावेल?

याच्या खालच्या पायरीवर नवीनच नाणं काढणारे असतात. जानेवारी २०२२ मध्ये मस्क यांनी ट्वीट केलं की मॅकडॉनल्ड्सने डोजकॉइन घेतलं तर मी टीव्हीवर हॅपी मील खाईन. मॅकडॉनल्ड्सने थट्टेत उत्तर दिलं, टेस्लाने ग्रिमेसकॉइन घेतलं तरच. असं कुठलंही नाणं अस्तित्वात नव्हतं. काही तासांत त्या नावाची नाणी बाजारात आली आणि लोकांनी ती विकतही घेतली. थट्टेवर पैसे लावणारी माणसं बघितल्यावर मला मटक्याच्या आकड्यासाठी स्वप्नांचे अर्थ लावणारे आठवतात.

९. नोकरीची जाहिरात, नोंदवलेलं डोमेन (वेबसाइटचा पत्ता), पेटंट यावरून काहीच कळत नाही का?

कळतं, पण एवढंच की कंपनीत कुणीतरी विचार करतंय. ॲपलने मे २०२१ मध्ये क्रिप्टोचा अनुभव असलेला माणूस पर्यायी पेमेंटच्या कामासाठी शोधला होता. म्हणून आयफोन बिटकॉइनवर मिळायला लागला नाही. क्रिप्टोशी संबंधित नावाची डोमेनं मोठ्या कंपन्या कित्येकदा नुसती अडवून ठेवतात, दुसऱ्या कुणी त्यावर फसवणुकीचं दुकान थाटू नये म्हणून. यावरून "येतंय, येतंय" म्हणणं म्हणजे सुतावरून स्वर्ग गाठणं.

१०. फ्लिपकार्टचे सुपरकॉइन, जिओकॉइन ही क्रिप्टोच ना? आमच्या ग्रुपवर जिओकॉइन "लिस्ट व्हायच्या आधी" स्वस्तात देतायत.

आधी दुसऱ्या वाक्याचं उत्तर देतो. घेऊ नका.

सुपरकॉइन हे बक्षिसाचे गुण आहेत. किराणा दुकानातल्या कूपनांचा हा नवा अवतार. ते कंपनी देते, कंपनीच्या नियमांनी वापरायचे, बाजारात विकता येत नाहीत. २०१३ मध्ये ॲमेझॉनने काढलेलं ॲमेझॉन कॉइनही असंच होतं. एक कॉइन म्हणजे एक सेंट, ॲप आणि गेमपुरतं. नावात कॉइन असल्यामुळे त्याची क्रिप्टोत गणना करणारे तेव्हाही होते.

जिओकॉइनला इतिहास आहे. जानेवारी २०१८ मध्ये रिलायन्स जिओ स्वतःचं नाणं काढणार अशी बातमी आली आणि पाठोपाठ जिओकॉइन विकणाऱ्या वेबसाइट आणि ॲपचं पेव फुटलं. असं कुठलंही ॲप आमचं नाही, असं जाहीर निवेदन कंपनीला काढावं लागलं. जानेवारी २०२५ मध्ये जिओने पॉलिगॉन या ब्लॉकचेन कंपनीशी करार केला आणि जिओस्फिअर ब्राउझर वापरणाऱ्यांना जिओकॉइन नावाचं बक्षीस दिसायला लागलं. ते वापरून मिळतं, विकत मिळत नाही. तेव्हा जो माणूस तुम्हाला ते विकतोय तो दुसरंच काहीतरी विकतोय. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा.

११. रिलायन्सच्या दुकानात डिजिटल चलन घेतात हे तर मी स्वतः मुंबईत बघितलंय!

बरोबर बघितलंत. पण ते क्रिप्टो नव्हतं, ते रिझर्व्ह बँकेचा ई-रुपया होतं.

१ डिसेंबर २०२२ ला सर्वसामान्यांसाठीच्या ई-रुपयाची चाचणी मुंबई, नवी दिल्ली, बंगळुरू आणि भुवनेश्वर या चार शहरांत सुरू झाली. फेब्रुवारी २०२३ मध्ये रिलायन्स रिटेलने आपल्या फ्रेशपिक या महागड्या किराणा दुकानात तो घ्यायला सुरुवात केली. ई-रुपया म्हणजे खिशातल्या नोटेचंच फोनमधलं रूप. शंभराचा ई-रुपया कायम शंभरच राहतो, चढत नाही की उतरत नाही, आणि त्यामागे रिझर्व्ह बँक उभी असते. बिटकॉइनमागे असं कुणी नसतं. बिटकॉइनवाले तोच त्याचा मोठेपणा मानतात, तो वाद वेगळा.

"डिजिटल चलन" हा शब्द दोन्हींना चिकटतो म्हणून घोळ होतो. मथळ्यात तो दिसला की आधी विचारा, कुणाचं चलन?

१२. बिटकॉइन देऊन गिफ्ट कार्ड घेतलं आणि त्यावर ॲमेझॉनवर खरेदी केली. मग ॲमेझॉनने बिटकॉइन घेतलंच ना?

नाही. गिफ्ट कार्ड विकणाऱ्या तिसऱ्याच कंपनीने घेतलं. ॲमेझॉनला त्या कार्डाचे साधे पैसे केव्हाच मिळाले होते. दागिने गहाण टाकून आणलेल्या पैशांतून फ्रिज घेतला, तर फ्रिजवाला दागिने स्वीकारतो असं आपण म्हणत नाही.

या मार्गात दोन खड्डे आहेत. चोरीच्या कार्डावर घेतलेली गिफ्ट कार्डं पुढे विकली जातात आणि पकडली गेली तर तुमचं खातं अडकतं. दुसरा खड्डा कराचा. गिफ्ट कार्ड स्वतः "आभासी डिजिटल मालमत्ता" (कर कायद्यातलं क्रिप्टोचं नाव) धरलं जात नाही, जून २०२२ च्या अधिसूचनेने ते वगळलं आहे. पण कार्ड घेताना तुम्ही बिटकॉइन दिलंत, ते मात्र हस्तांतरण झालं. पुढचा प्रश्न वाचा.

१३. क्रिप्टो विकलं नाही, फक्त त्याच्या बदल्यात वस्तू घेतली. त्यावर कसला कर?

सर्वांत जास्त लोक इथे चुकतात. रुपये हातात आले नाहीत म्हणजे कर नाही, असं नसतं. वस्तूच्या बदल्यात नाणं दिलं की कायद्याच्या नजरेत ते हस्तांतरणच.

१ एप्रिल २०२२ पासून असा नफा ३० टक्के दराने करपात्र आहे, वर अधिभार लागू असेल तर तो आणि ४ टक्के उपकर. नफा काढताना फक्त खरेदीची किंमत वजा होते, बाकी कुठलाही खर्च नाही. समजा २० हजारांना घेतलेलं नाणं देऊन तुम्ही ५० हजारांचा फोन घेतलात. नफा ३० हजार, कर ९ हजार, उपकर धरून ९,३६०. फोन मग खरा पडला कितीला? दुसऱ्या नाण्यात तोटा झाला असेल तर तो इथे वळता करता येत नाही.

याशिवाय १ जुलै २०२२ पासून १ टक्का टीडीएस आहे. वर्षाला १० हजारांपर्यंत सूट, काही ठरावीक व्यक्तींना ५० हजारांपर्यंत. वस्तू देऊन नाणं घेणाऱ्या दुकानदाराने माल देण्याआधी हा कर भरला गेल्याची खात्री करायची असते. चहाच्या टपरीपासून फ्लिपकार्टपर्यंत कुणीही या भानगडीत का पडत नाही, त्याचं अर्धं उत्तर इथेच मिळतं.

१४. म्हणजे भारतात कंपन्या घेत नाहीत कारण क्रिप्टो बेकायदेशीर आहे?

बाळगणं, विकणं, विकत घेणं यावर बंदी नाही. रिझर्व्ह बँकेने ६ एप्रिल २०१८ च्या परिपत्रकाने बँकांना क्रिप्टोवाल्यांशी व्यवहार करायला मनाई केली होती, ती सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० ला रद्द ठरवली. मार्च २०२३ पासून एक्स्चेंजना मनी लाँडरिंगविरोधी कायदा लागू झाला. पण क्रिप्टो हे कायदेशीर चलन नाही, म्हणजे ते घ्यायची सक्ती कुणावरही नाही.

न घेण्याचं उरलेलं अर्धं कारण यूपीआय. अमेरिकेत दुकानदाराला कार्डाच्या दर व्यवहारावर दोन-तीन टक्के सोडावे लागतात, म्हणून तिथल्या कंपन्या दुसरी वाट सतत शोधतात आणि त्या शोधातूनच बातम्या फुटतात. आपल्याकडे बँक खात्यातून केलेल्या यूपीआयवर जानेवारी २०२० पासून दुकानदाराला शुल्क नाही. भाजीवाल्या मावशींचंही पेमेंट दोन सेकंदांत होतं. त्यात बिटकॉइनचा नवा ब्लॉक, म्हणजे व्यवहार पक्के करणारी नोंदींची पुढची गठडी, यायला सरासरी दहा मिनिटं. कोथिंबिरीची जुडी घेऊन दहा मिनिटं कोण थांबेल?

१५. आमचे एक नातेवाईक म्हणतात, "बिटकॉइनवर चालणारं भारतीय शॉपिंग पोर्टल होतं, मी त्यांचे सेमिनार ऐकलेत." खरं आहे का?

होतं. आणि त्याची गोष्ट पुण्यातल्या लोकांना तरी माहीत असायला हवी.

अमित भारद्वाज यांनी २०१४ च्या सुमारास हायकार्ट नावाचं पोर्टल काढलं. बिटकॉइन घेणारं भारतातलं पहिलं ऑनलाइन दुकान, अशी त्याची जाहिरात होती. खरेदी किती झाली हा भाग सोडा, पण "आपण बिटकॉइनवर दुकान चालवतो" या वाक्याने जी पत मिळते, तिचं मोल फार मोठं. पुढे गेनबिटकॉइन ही योजना आली. बिटकॉइन द्या, अठरा महिने दर महिन्याला १० टक्के परतावा घ्या. नंतर बिटकॉइनऐवजी एमकॅप नावाचं घरचंच टोकन हातात पडू लागलं, ज्याला बाहेर किंमत नव्हती. एप्रिल २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी भारद्वाज यांना अटक केली. जानेवारी २०२२ मध्ये त्यांचा मृत्यू झाला. प्रकरण पुढे सीबीआयकडे गेलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये देशभर छापे पडले, त्यांत पुण्याबरोबर कोल्हापूर आणि नांदेडही होतं.

नातेवाइकांना दोष देऊ नका. तेव्हा सेमिनारला डॉक्टर, इंजिनिअर, निवृत्त अधिकारी सगळे जात होते.

१६. बातमी आली तर पाच मिनिटांत तपासायची कशी?

पाच मिनिटं पुष्कळ आहेत. मी स्वतः काय करतो ते सांगतो.

तारीख बघतो, कारण निम्म्या बातम्या शिळ्या निघतात. बातमीत कंपनीचा नाव घेऊन बोललेला माणूस आहे का बघतो. "सूत्रांनुसार" असेल तर चहा करायला उठतो. पत्रक असेल तर ईमेलचा पत्ता अक्षर अक्षर वाचतो. मग त्या कंपनीच्या ॲपवर एक स्वस्त वस्तू टोपलीत टाकून पैसे भरायच्या पानापर्यंत जातो. तिथे नाणं दिसत नसेल तर ते तूर्त नाहीच, जगाने काहीही छापलं तरी. बाजारात नोंदलेली कंपनी असेल तर एवढा मोठा निर्णय शेअर बाजाराला किंवा अमेरिकेत एसईसी या बाजार नियामकाला कळवलेला सापडतो. टेस्लाची दीड अब्जांची खरेदी अशा कागदातूनच बाहेर आली होती.

एवढं करूनही शंका उरली तर एक दिवस थांबतो. खरी सोय उद्याही असतेच.

१७. माझी मुलगी न्यू जर्सीत असते. तिकडे तर पेपॅलवर क्रिप्टो चालतं म्हणाली.

चालतं. पेपॅलने ऑक्टोबर २०२० मध्ये अमेरिकेत क्रिप्टो घेण्या-विकण्याची सोय जाहीर केली आणि मार्च २०२१ मध्ये त्यातून खरेदीचे पैसे भरायची. पण दुकानदाराला जातात डॉलरच, प्रश्न २ मधला दलाल इथे पेपॅल स्वतः आहे. तिला एवढं सांगा की अमेरिकी कर खातं २०१४ पासून क्रिप्टोला चलन न मानता मालमत्ता मानतं. त्यामुळे नाणं देऊन बूट घेतले तरी नफा-तोट्याचा हिशेब ठेवावा लागतो.

१८. २०२५ मध्ये ॲमेझॉन-वॉलमार्ट स्वतःचं नाणं काढणार अशी बातमी होती. तीही अफवाच का?

नाही, ही वेगळ्या जातीची आहे. जून २०२५ मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलने दिलं की या दोन्ही कंपन्या स्वतःचं स्टेबलकॉइन काढायचा विचार करत आहेत. स्टेबलकॉइन म्हणजे एका डॉलरला बांधलेलं नाणं. कारण तेच जुनं, कार्डाचं शुल्क वाचवणं. त्या दिवशी व्हिसा आणि मास्टरकार्डचे शेअर पडले, म्हणजे बाजाराने बातमी गंभीरपणे घेतली. जुलैमध्ये अमेरिकेत स्टेबलकॉइनचा कायदाही झाला.

पण "विचार करत आहेत" हे तीन शब्द विसरू नका. फेसबुकनेही जून २०१९ मध्ये लिब्रा जाहीर केलं होतं, तेही नाव-गाव, भागीदार सगळ्यांसकट. ऑक्टोबरपर्यंत पेपॅल, व्हिसा, मास्टरकार्ड, ईबे, स्ट्राइप बाहेर पडले. नाव बदलून डिएम (Diem) केलं. जानेवारी २०२२ मध्ये उरलंसुरलं विकून टाकलं. एकही नाणं लोकांच्या हाती आलं नाही. जाहीर झालेल्याची ही गत, तर विचाराधीन असलेल्याचं काय सांगावं?

आणि हो, यातून बिटकॉइनचा भाव का वाढावा, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही. डॉलरला बांधलेलं नाणं हे बिटकॉइनला गिऱ्हाईक आणत नाही.

१९. "ॲमेझॉन टोकन"च्या नावाखाली पैसे भरले. आता काय करू?

१९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करा, नंतर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. रुपये बँकेतून किंवा यूपीआयने गेले असतील तर पहिल्या काही तासांत ते गोठवता येण्याची शक्यता असते. नाणंच पाठवलं असेल तर ते परत बोलावता येत नाही, तरी व्यवहाराचा क्रमांक आणि ज्या पत्त्यावर पाठवलं तो पत्ता जपून ठेवा. चॅट पुसू नका. "तुमचे पैसे सोडवून देतो, आधी फी भरा" असा फोन काही दिवसांत येईल. ती त्याच टोळीची दुसरी फेरी असते.

२०. समजा एखाद्या परदेशी साइटवर खरोखर क्रिप्टोने वस्तू घेतली आणि ती परत केली. परतावा नाण्यात मिळतो की पैशांत?

हा प्रश्न फार थोडे जण विचारतात, पण मला आवडतो. उत्तर साइटच्या अटींत असतं आणि त्या खरेदीआधी वाचायच्या असतात. बहुतेक ठिकाणी वस्तूची डॉलरमधली किंमत परत मिळते, तुम्ही दिलेली नाणी नव्हेत. मधल्या काळात भाव दुप्पट झाला असेल तर नुकसान तुमचं, निम्मा झाला असेल तर चंगळ तुमची.

यात कंपन्याही फसतात. जानेवारी २०१८ मध्ये ओव्हरस्टॉकच्या पेमेंटमध्ये एक भोक सापडलं. बिटकॉइन आणि बिटकॉइन कॅश ही दोन वेगळी नाणी, तेव्हा पहिल्याचा भाव दुसऱ्याच्या पाचपटीहून जास्त होता. यंत्रणा मात्र दोन्ही एकच समजत होती. गिऱ्हाइकाने बिटकॉइनच्या जागी तेवढीच बिटकॉइन कॅश भरली तरी ऑर्डर पक्की व्हायची. त्याहून कहर म्हणजे ऑर्डर रद्द केली तर परतावा बिटकॉइनमध्ये मिळायचा. म्हणजे पितळेचा तांब्या द्यायचा आणि सोन्याचा परत घ्यायचा. एका सुरक्षा संशोधकाच्या लक्षात आलं आणि त्याने कळवलं, तेव्हा ते बुजवलं गेलं. चार वर्षं बिटकॉइन घेण्याचा अनुभव असलेल्या दुकानाची ही गोष्ट.